गाडीत कोण बसणार?

फोन उचलल्यावर लोक ‘हॅलो’ म्हणतात, आमच्याकडे फार तर ‘बोला’. विश्वनाथ हनमंते ‘काय झालं?’ म्हणायचे. समोरच्याने नुसतं डब्यात काय आणलंय हे विचारायला फोन केलेला असला, तरी आधी तो घाबरा प्रश्न कानावर पडायचा आणि त्या बिचाऱ्यालाच वाटायचं, आपल्याला काहीतरी झालेलं असावं. सुरुवातीला मी त्यांची टिंगल केली. म्हटलं, ‘‘अहो हनमंते, काही झालेलं नसताना पण लोक फोन करतात.’’

‘‘हाव ना मास्तर,’’ ते म्हणाले, ‘‘काई झालं न्हाई एवढं ऐकलं की मंग मी निवांत बोलतो.’’

मास्तर म्हणजे मी. शाळेचा नव्हे, शिलाईचा. नांदेडला गाड्या सजवण्याच्या एका दुकानात आम्ही दोघांनी आठ वर्षं शेजारी शेजारी काम केलं. माझ्याकडे सीटकव्हरं, त्यांच्याकडे साउंड. माझं मशीन भिंतीला, त्यांचं टेबल दाराला, मध्ये एक गाडी उभी राहील एवढी जागा. आता त्यांच्या टेबलाच्या जागी पॉलिशचं मशीन आलंय. ते चालवणारा पोरगा गुणी आहे, पण दिवसभर त्याला कशाचीच काळजी वाटत नाही. मला त्याच्या शेजारी करमत नाही.

हनमंते अंगाने बारीक. एप्रिलच्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली. खिशात टेस्टर, चष्मा आणि दोन फ्यूज. हे फ्यूज कशाला हो, असं विचारलं की म्हणायचे, ‘‘असू द्या.’’ संध्याकाळी ऑटोत बसायचे आणि चौकातून परत यायचे. तारा जोडायच्या सोल्डरिंग गनची पिन प्लगमधून काढली होती का, ते बघायला. काढलेली असायची. एकदा तर मी त्यांच्या देखत काढली, हातात धरून दाखवली, तरी गडी चौकातून परत आलाच. मला म्हणाला, ‘‘तुमच्यावर भरोसा हाय, मास्तर. माझ्यावर न्हाई.’’

गाव त्यांचं बिलोलीकडचं. वडील धर्माबादच्या मोंढ्यात हमाल होते, मिरचीची पोती वाहायचे. हनमंते मात्र शिकायला म्हणून लातूरला गेले आणि गंजगोलाईच्या मागच्या एका दुकानात रेडिओ दुरुस्तीला बसले. रेडिओ संपले, टेप आले. टेप संपले, तोवर गाड्यांमध्ये चार चार स्पीकर आणि डिक्कीत ॲम्प बसायला लागले. हे एकेक पायरी घाबरत घाबरत चढले, पण चढले.

त्यांचं खरं कसब क्रॉसओव्हरमध्ये. गाण्यातला जाड आवाज एकीकडे, बारीक आवाज दुसरीकडे, अशी वाटणी करणारी ही वस्तू. कधी ती दारात लपवलेली छोटी डबी असते, आत एक कॉइल आणि एक कपॅसिटर. कधी ॲम्पच्या अंगावरची बटणं असतात. कुठल्या आकड्यावर वाटणी करायची हे गाडी बघून ठरवावं लागतं. आमच्याकडे कुणी बघत नाही. सगळी बटणं उजवीकडे पिळायची, बफर दणकला की गिऱ्हाईक खूश. वूफरला आमच्याकडे सगळे बफरच म्हणतात.

हनमंते गिऱ्हाइकाला समजावून सांगायचे. मोठ्या स्पीकरवर हात ठेवायचे, ‘‘ह्यो हमाल. पोती ह्येनं उचलायची.’’ मग बारीक आवाजाचा, बोटाच्या पेरावर बसेल एवढा छोटा स्पीकर, म्हणजे ट्विटर, उचलायचे आणि माझ्याकडे बघायचे. ‘‘ह्यो मास्तर. ह्येच्याकडं सुईचं काम. हमालाला सुई देऊ नका अन् मास्तरच्या पाठीवर पोतं टाकू नका, भाऊ. मास्तर मरल.’’ गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. पण बोलताना ते ट्विटर असा जपून धरायचे की मला खरंच माझी पाठ त्यांच्या हातात असल्यासारखी वाटायची.

आणि पहिला प्रश्न ठरलेला. किती वॉट, कोणती कंपनी, हे नंतर. आधी, ‘‘गाडीत कोण बसणार?’’

लातूरकडचा एक डाळीचा व्यापारी नवी मोठी गाडी घेऊन आला होता. तो म्हणाला, मी बसणार, अजून कोण? हनमंत्यांनी सगळं जोडलं आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, एक चक्कर मारू. काम झालं की ते स्वतः मागच्या सीटवर बसून, खराब रस्त्याने फिरून आल्याशिवाय गाडी सोडत नसत. त्या दिवशी मागे त्या व्यापाऱ्याची आई बसलेली होती, ती दवाखान्याला आली होती. चक्कर मारून आल्यावर हनमंत्यांनी म्हातारीला विचारलं, ‘‘आई, पोटात धडधडतंय का?’’

‘‘लेकरा,’’ ती म्हणाली, ‘‘मह्या पोटात लातूरपासून धडधडून राहिलंय. ह्यो गाडी चालवतोय कसा ते बघ की.’’

व्यापारी हसला. हनमंते हसले नाहीत. त्यांनी डिक्की उघडली, बफरचा जोर निम्म्यावर आणला, दारातल्या स्पीकरना जाड आवाज जाणारच नाही असं बटण फिरवलं आणि त्या बटणावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब सोडला. थेंब वाळला की बटण हलत नाही. नेलपॉलिशची ती बाटली हनमंत्यांच्या मुलीची होती. मग त्यांनी व्यापाऱ्याला हात जोडले आणि गाडी सावकाश न्यायला सांगितलं, दोनदा.

मुलगी एकुलती एक, संघमित्रा. घरात संघू. ती सहा वर्षांची असताना तिची आई गेली, आणि तेव्हापासून हनमंत्यांच्या काळजीला एकच पत्ता मिळाला. त्यांनी तिला एकट्याने वाढवलं, लातूरला क्लासला ठेवलं, डॉक्टर केलं. क्लासच्या दोन वर्षांत ते दर रविवारी नांदेडहून लातूरला जायचे आणि वसतिगृहाच्या खोलीतलं पंख्याचं बटण उघडून वायर तपासायचे. मुली म्हणे खिडकीतून बघून सांगायच्या, संघू, तुझे बाबा आले, पंखा बंद कर.

तिला गाडी शिकवायची वेळ आली तेव्हा मोकळ्या मैदानावरच्या एका फेरीत यांनी चार वेळा हँडब्रेक ओढला. चौथ्या वेळी गाडी गर्रकन फिरून मैदानाच्या कडेच्या चारीत उतरली. कुणाला काही लागलं नाही. संघू खाली उतरली आणि शांतपणे म्हणाली, ‘‘बाबा, यापुढे मी चालवत असताना तुम्ही गाडीत बसायचं नाही.’’ दुनियेच्या गाड्यांच्या मागच्या सीटवर बसलेला हा माणूस लेकीच्या गाडीत पाच वर्षं बसला नाही.

पुढे तिला किनवटच्या जंगलातल्या एका गावी सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली. तिने जुनी छोटी गाडी घेतली. आठवड्याला ती नांदेडला यायची, सोमवारी पहाटे परत. दर सोमवारी हनमंत्यांच्या हातून हमखास एखादा ट्विटर जळायचा, म्हणून मी त्यांना सोमवारी नुसत्या वायरी सोलायला सांगायचो.

एका दुपारी त्यांचा फोन वाजला. त्यांनी नेहमीसारखं ‘‘काय झालं?’’ म्हटलं. आणि त्या वेळेला खरंच झालं होतं. रात्रभराची ड्यूटी करून ती निघाली होती, भोकरच्या अलीकडे तिचा डोळा लागला, गाडी रस्ता सोडून कापसाच्या रानात घुसली. मऊ काळी माती, उभा कापूस, म्हणून वाचली. कपाळाला खोक, बाकी धड. ती स्वतःच बोलत होती, हसतही होती म्हणे. हनमंते फोन कानाला लावून खाली बसले ते उठेचनात. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

पंधरा दिवसांनी ती कपाळावर पट्टी लावून गाडी घेऊन आमच्या दुकानात आली. म्हणाली, ‘‘बाबा, मला गाडीत सेट बसवून द्या. गाण्यानं मला झोप येते. पण मी पुढच्या परीक्षेची लेक्चरं ऐकते, त्यानं जाग राहते. फोनवर लावते तर गाडीच्या आवाजात अर्धं कळतच नाही. मग कान देऊन थकते. स्वच्छ आवाज पाहिजे, बाकी काही नको. काका, तुम्ही तोवर सीटकव्हर करा.’’

‘‘दोन दिवस लागतील,’’ हनमंते म्हणाले.

लागले अडीच महिने.

माझी कव्हरं आठवड्यात झाली. गाडी कोपऱ्यात उभीच. संघू किनवटपर्यंत रेल्वेने जायची आणि पुढे मिळेल त्या जीपने. तिचा फोन आला की हनमंते कधी म्हणायचे कॉइल यायची हाय, कधी म्हणायचे आवाज फाटून राहिलाय गं, बघतो. मला पहिल्यांदा खरं वाटलं. लेकीची गाडी, माणूस चिकट, करत असेल पुन्हा पुन्हा. पण एका दुपारी मी जेवून लवकर आलो तर कोपऱ्यातल्या त्या गाडीतून एका मास्तरांचा आवाज येत होता. मूत्रपिंडावर बोलत होते. मला मूत्रपिंडातलं ओ की ठो कळत नाही, तरी एक एक अक्षर वेगळं ऐकू आलं, समोर खुर्ची टाकून बसल्यासारखं. आत हनमंते डोळे मिटून बसले होते. एवढ्यात फोन वाजला. त्यांनी आवाज बंद केला आणि म्हणाले, ‘‘काय झालं? ... न्हाई गं, अजून फाटूनच राहिलाय.’’

मी काचेवर टकटक केलं. ते दचकले.

‘‘हनमंते, हे काय चाललंय?’’

त्यांनी स्टिअरिंगवरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाले, ‘‘रेल्वेत बसली म्हंजे डायवर दुसरा असतो, मास्तर.’’

मला त्यांचा राग आला आणि त्यांची कीवही आली, आणि दोन्हींपैकी एकही मी बोललो नाही. उलट पुढच्या खेपेला संघूने मला फोन करून विचारलं, काका, खरंच काही बिघाड आहे का, तेव्हा मी म्हणालो, हो गं, चालू आहे त्यांचं. ती खोटी साक्ष माझ्या नावावर आहे. त्या दिवसापासून मी ‘फोन आला’ म्हटलं की माझ्याच छातीत धस्स व्हायला लागलं. त्यांचा रोग मला लागला म्हणा.

मग एका शनिवारी ती न सांगता आली. सकाळचे अकरा. हनमंते दुसऱ्या गाडीच्या डिक्कीत वाकलेले होते. ती सरळ आपल्या गाडीत बसली, किल्ली फिरवली, लेक्चर लावलं. स्वच्छ आवाज. तिने पूर्ण पाच मिनिटं ऐकलं. मी मशीनवर पाय ठेवून नुसता बसलो होतो.

ती उतरली. ‘‘बाबा, मंगळवारी वरच्या तांड्यावर एक बाई अडली होती. मी जीपची वाट बघत दीड तास फाट्यावर उभी होते. बाई वाचली, पोर वाचलं, पण ते काही माझ्यामुळं नाही. आणि माझी गाडी इथं चांगली होऊन उभी होती.’’

हनमंत्यांनी हात पुसले. पुसलेले हात पुन्हा पुसले.

‘‘गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोलला नाहीत तुम्ही,’’ ती म्हणाली.

‘‘गिऱ्हाईक माझं काय लागतंय?’’ ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मलाही जेमतेम ऐकू आला.

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, गाडी घेऊन जायला निघाली. तेव्हा हनमंत्यांच्यातला कारागीर मध्ये पडला. ते म्हणाले, ‘‘संघू, खोटं बोललो. पण काम बी पुरं झालेलं न्हाई. उभ्या गाडीत कोणता बी सेट शहाणा असतो. रस्त्यावर बघावं लागतंय. मला मागं बसू दे. मास्तरला बी घे. मी तोंड उघडलं तर मला तिथंच उतरव.’’

रविवारी सकाळी आम्ही तिघं भोकरच्या रस्त्याला लागलो. तिला दुपारी दवाखान्यात हजर व्हायचं होतं, म्हणून ती तिथूनच पुढे जाणार आणि आम्ही बसने परतणार असं ठरलं. मी पुढे तिच्या शेजारी, हनमंते मागे. ट्रक समोर आला की मागून श्वास आत ओढल्याचा आवाज यायचा, पण शब्द नाही. आणि त्यांचं म्हणणं खरं निघालं. दुकानात स्वच्छ वाटणारे ते मूत्रपिंडवाले मास्तर साठच्या वेगाला पुटपुटायला लागले. चाकांची घरघर त्यांच्या आवाजावर बसत होती.

एका बाभळीखाली गाडी थांबवून हनमंत्यांनी डिक्की उघडली. दारातल्या स्पीकरना खालचा जाड आवाज ऐंशी हर्ट्झपासून जात होता, तो आकडा त्यांनी एकशेवीसपर्यंत वर नेला, म्हणजे जाड आवाज अजून कमी जाणार. म्हणाले, माणूस बोलतो त्याला हमाल कशाला पाहिजे? मग दाराची जाळी काढून डबीतला कपॅसिटर बदलला, म्हणजे ट्विटर जरा खालपासून बोलायला लागेल आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ असली अक्षरं सुटी होतील. जास्त खाली नेलं तर ट्विटर जळतो. त्यांनी तो सांधा तीनदा ओढून बघितला. पुन्हा निघालो तेव्हा मूत्रपिंडवाले मास्तर घरघरीच्या वर तरंगत बोलत होते. स्टिअरिंग धरलेल्या संघूचे खांदे खाली आलेले मला दिसले. कान देण्याचे कष्ट संपले की खांदे असे उतरतात.

‘‘कुठं झालं होतं?’’ मागून प्रश्न आला.

तिने पुढे नेऊन गाडी उभी केली. रानात आता कापूस नव्हता, नुसत्या पऱ्हाट्या होत्या. हनमंते उतरले, तिथे बघत राहिले. परत येऊन त्यांनी गाडीची काच वर-खाली करून बघितली.

‘‘स्वच्छ आवाज दिला मी तुला,’’ ते म्हणाले. ‘‘पण त्येच्यात बाहेरचं ऐकू येतंय का? कोणी हॉर्न मारला, कोणी हाक मारली?’’

मग त्यांनी परीक्षा ठरवली. तिने पुढे जाऊन गाडी वळवायची, काचा बंद, लेक्चर चालू, आणि सावकाश परत यायचं. हे कुठूनतरी हाक मारतील. ऐकू आली की तिने हात वर करायचा. आणि समोर उभे न राहता ते झाडामागे गेले. ‘‘दिसलो तर पोरगी डोळ्यानं ऐकंल,’’ मला म्हणाले.

गाडी आली. हनमंते बेंबीच्या देठापासून ओरडले, ‘‘संघूऽऽ!’’ शेजारच्या रानातले बगळे उडाले. गाडी आमच्यासमोरून निघून गेली. हात वर झाला नाही.

मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. ती पुढे जाऊन थांबली, काच खाली करून तिने विचारलं, ‘‘मारली का हाक?’’

पुढचा अर्धा तास मी त्यांना असं काम करताना पाहिलं की त्याआधी आणि त्यानंतर कुणालाच पाहिलं नाही. पेचकस एकदाही खाचेतून घसरला नाही. त्यांनी सबंध सेटचा जोर उतरवला, इतका की तिने आवाज पूर्ण वाढवला तरी तो एका मर्यादेच्या वर जाऊ नये. ट्विटरची धार थोडी कमी केली. एवढं करूनही अक्षरं सुटी राहिली पाहिजेत, म्हणून पुन्हा आत बसून ऐकलं. घाम गळून चष्म्यावर आला तो तसाच.

गाडी दुसऱ्यांदा आली. ते ओरडले. काचेआड हात वर झाला. लगेच, न चाचपडता.

‘‘अजून एकदा,’’ ते म्हणाले. तिने कुरकुर न करता अजून एकदा केलं. हात वर झाला. तिने घड्याळाकडे बघितलं, म्हणाली, ‘‘बाबा, ड्यूटी आहे. जाऊ?’’

त्यांनी खिशातले दोन्ही फ्यूज काढून तिच्या हातात दिले. सावकाश जा, असं ते म्हणतील म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी नुसती मान हलवली. गाडीने रस्ता पकडला.

पुढच्याच महिन्यात हनमंते दुकान सोडून लातूरला भावाजवळ राहायला गेले. फोन होतात, भेट झालेली नाही. मला आठवतात ते तिथले, भोकरच्या रस्त्यावरचे. डांबराच्या कडेला उभे, दोन्ही हात तोंडाशी नेलेले, छाती भरून घेतलेली. हाक आता सुटणार म्हणून मी कान सावरून उभा होतो. गाडी लहान होत होत वळणावर गेली, दिसेनाशी झाली, आणि त्यांनी हात तसेच खाली घेतले.

‘‘हाक का नाही मारली हो?’’ मी विचारलं. ‘‘ऐकली असती की तिनं.’’

‘‘म्हणून तर,’’ ते म्हणाले. ‘‘ऐकली असती तर हात वर केला असता, मास्तर. एका हातानं चालवावं लागलं असतं तिला.’’